‘आई, झाली!’ ऐकू येईपर्यंतची पाच मिनिटं

लहान मूल असलेल्या घरात दिवसातून एकदा तरी आरोळी उठते, "आऽऽई, झाऽऽली!" तवा तापलेला असतो, फोनवर ऑफिसचं कुणीतरी असतं, नाहीतर पाहुण्यांपुढे पोह्यांच्या बशा नुकत्याच ठेवलेल्या असतात. आवाज असा खणखणीत, की काय झाली ते पाहुण्यांनाही कळतं. आपण कसनुसं हसून उठतो. मला हल्ली त्या आरोळीचा राग येत नाही. ती ऐकू आली म्हणजे पोरगं कमोडवर जागच्या जागी बसलंय आणि आपली वाट बघतंय. जीव टांगणीला लागतो तो आरोळीच्या आधी, आतून काहीच आवाज येत नसतो तेव्हा.

डायपर होता तोवर बाथरूम ही आपण त्याला न्यायची जागा होती. आंघोळीला न्यायचं, धुवायला न्यायचं, उचलून बाहेर आणायचं. मूल शी-शू सांगायला लागलं की हे सगळं उलटतं. आपणच त्याला शिकवतो, लागली की थांबायचं नाही, पळत जायचं. दार उघडं राहावं म्हणून आपणच त्याला पाचर लावतो, आत पाटही आपणच ठेवतो. "सांगतो हो आता, हुशार झाला," असं आजी शेजारी सांगून येते. इकडे दोन-अडीच वर्षांचा हा हुशार माणूस दिवसातून सहा-सात वेळा, बहुतेकदा घाईत आणि ओल्या फरशीवरून, घरातल्या सगळ्यात धोक्याच्या खोलीत एकटा जायला लागलेला असतो. शू कशी धरायची हे त्याला कळलेलं असतं. पाणी खोल आहे का, नळ गरम आहे का, बाटलीत सरबत आहे की अ‍ॅसिड, हे कळायला अजून दोन-तीन वर्षं जायची असतात. घराचं लक्ष मात्र "आज चड्डीत झाली का?" एवढ्यावरच असतं.

अर्धी बादली

बाथरूममध्ये धोक्याचं काय, असं विचारलं तर बहुतेक जण गिझरकडे बोट दाखवतील. माझं बोट बादलीकडे जाईल.

कारण समजायला थोडं गणित करू. दोन वर्षांचं मूल साधारण ८५-८७ सेंटिमीटर उंच असतं, वजन १२ किलोच्या आसपास. मोठ्या माणसाचं डोकं त्याच्या उंचीच्या आठव्या हिश्श्याएवढं भरतं, या वयाच्या मुलाचं जवळजवळ पाचव्या. म्हणजे शरीराचा भार वरच्या बाजूला. आपली २० लिटरची बादली फूटभर उंच, तिचा काठ मुलाच्या मांडीशी येतो. आता आत मग तरंगतोय आणि मूल तो घ्यायला वाकलंय असं डोळ्यांपुढे आणा. काठ मांडीला टेकतो, डोकं पुढे जातं, पाय जमिनीवरून सुटतात. पुढचं एका क्षणात होतं. हात बुडाला टेकवून स्वतःला वर रेटायची ताकद त्या खांद्यांत नसते. बादली कलंडली तर सुटका होईल, पण अर्ध्या बादलीतही दहा लिटर पाणी असतं, म्हणजे दहा किलो. बारा किलोच्या मुलाच्या धडपडीने ती हलतही नाही. आणि ओरडणार कसं, तोंड पाण्यात असताना?

बुडणं म्हणजे हातपाय झाडणं आणि आरडाओरडा, असं चित्र आपल्या मनात सिनेमाने बसवलंय. लहान मुलं आवाज न करता बुडतात. नाकतोंड झाकलं जाईल एवढं पाणी, म्हणजे तळाशी पाच सेंटिमीटर, जेमतेम तीन बोटं, त्यांना पुरतं. श्वास बंद झाल्यावर साधारण चार ते सहा मिनिटांत मेंदूला इजा व्हायला लागते. "बघते, कुणाचा फोन आहे" म्हणून आपण बाहेर जातो तो वेळही एवढाच असतो.

अमेरिकेतल्या ग्राहकोपयोगी वस्तूंच्या सुरक्षा आयोगाने पाच गॅलनच्या, म्हणजे १९ लिटरच्या बादल्यांबद्दल पालकांना फार पूर्वीच इशारा दिलेला आहे. तिकडे या बादल्या घरात येतात त्या रंग नाहीतर कसला तरी माल संपल्यावर, पुसापुशीला. आपल्याकडे तीच बादली रोजची, नळाखाली, भरलेली.

भरून ठेवायची सवय आपल्याला उगाच लागलेली नाही. माझं माहेर सोलापूरचं. तिथे नळाला पाणी चार-पाच दिवसांआड येतं. पाणी आलं की पिंप, टाकी, बादल्या, घंगाळ, हाताला लागेल ते भरायचं आणि पुरवून वापरायचं. ‘बादल्या रिकाम्या ठेवा’ असं मुंबईहून फोनवर सांगणारी मुलगी आईला किती शहाणी वाटते, हे मी अनुभवलं आहे. मग आम्ही मधला मार्ग काढला. मोठ्या पिंपाला फिरवून बसणारं घट्ट झाकण घेतलं (नुसतं वर ठेवलेलं ताट मूल सहज सरकवतं) आणि बादल्या मोरीतून उचलून स्वयंपाकघराच्या ओट्यावर नेल्या. मोरीत एकच बादली राहिली, पालथी. वरचा मग खुंटीला टांगला, कारण मूल बादलीकडे जातं ते मगासाठीच.

याच्या आड कधीकधी वास्तुशास्त्र येतं. बाथरूममध्ये रिकामी बादली ठेवू नये, भरलेली असली की लक्ष्मी टिकते, असं सांगणारे मेसेज आमच्या फॅमिली ग्रुपवर वर्षातून दोनदा फिरतात. पोर पाच वर्षांचं होईपर्यंत लक्ष्मीने आम्हाला तेवढी सवलत द्यावी.

कधी तसं घडलंच, तर मुलाला बाहेर काढा, आरडाओरडा करून माणसं गोळा करा, कुणाला तरी १०८ लावायला सांगा. पाय धरून उलटं टांगणं, गरगर फिरवणं, पोट दाबून पाणी काढणं यातलं काहीही करू नका. त्यात हातची मिनिटं जातात आणि ओकारी श्वासनलिकेत जाण्याचा धोका वाढतो. मूल श्वास घेत नसेल तर त्याच्या तोंडात श्वास भरणं आणि छाती दाबणं, हे दोन्ही करावं लागतं. एकटा माणूस असेल तर छातीवरच्या दर ३० दाबांना दोन श्वास, आणि मदत येईपर्यंत तेच चालू. हे वाचून येत नाही, हाताने करून बघावं लागतं. त्याचं प्रशिक्षण मोठ्या हॉस्पिटलांत आणि रेड क्रॉससारख्या संस्थांत मिळतं. बारशाच्या खर्चात ते सहज बसलं असतं.

विसण घालायची पद्धत

गरम पाण्यात मिसळायच्या गार पाण्याला मराठीत खास शब्द आहे, विसण. आजीच्या काळात बंबातलं कढत पाणी आधी घंगाळात पडायचं आणि मग त्यात विसण घालायचं. आपण गिझर आणले तरी क्रम तोच ठेवला. आधी गरम सोडायचं, "थांब हं, विसण घालते" म्हणायचं आणि गार नळ उघडायला वळायचं. पाठ वळलेल्या त्या चार सेकंदांत बादलीत नुसतं कढत पाणी असतं आणि शेजारी उघडं पोर उभं असतं.

त्याला किती वेळ लागतो? ६० अंश सेल्सिअसच्या पाण्याने मोठ्या माणसाची कातडीसुद्धा साधारण पाच सेकंदांत खोलवर भाजते. ४९ अंशांना त्याच इजेला पाच मिनिटांहून जास्त लागतात. फरक अकरा अंशांचा, पण एकीकडे हात मागे घ्यायलाही सवड नाही आणि दुसरीकडे भरपूर. मुलांची कातडी आपल्याहून पातळ असते, त्यामुळे त्यांना आपल्याएवढेही सेकंद मिळत नाहीत. शिवाय चटका बसला की आपण मागे सरतो, मुलं जागीच थिजतात आणि किंचाळतात.

म्हणून क्रम उलटा करा. आधी गार, मग त्यात गरम, आणि शेवटी कोपर बुडवून बघायचं. बोटं रोज भांडी आणि चहा हाताळून निबर झालेली असतात, कोपराची कातडी खरं सांगते. पाणी ३७-३८ अंशांचं, म्हणजे कोपराला ‘गरमही नाही, गारही नाही’ असं लागलं पाहिजे. आपल्याला ते कोमट आणि बेचव वाटतं. त्याला चालतं.

गिझरचं एक गुपित सहसा लक्षात येत नाही. साठवणीचा, म्हणजे पंधरा-पंचवीस लिटरच्या टाकीचा गिझर बटण बंद केलं तरी कित्येक तास गरम राहतो. पाणी थंड होऊ नये म्हणूनच तर टाकीभोवती थर असतो. सकाळी सातला आंघोळी उरकल्या, बटण बंद केलं आणि दहा वाजता मूल शू करून हात धुवायला गेलं, तरी लाल ठिपक्याच्या बाजूला दांडा वळवल्यावर येणारं पाणी भाजणारं असू शकतं. एका दांड्याचे नळ तर मुलांना खेळण्यासारखे वाटतात, कारण ते एका बोटाने फिरतात. टाकीच्या गिझरला खाली तापमानाची चकती असते, ती ५० अंशांच्या जवळ आणता येते. वॉशबेसिनखाली गरम पाण्याच्या नळीला अँगल कॉक असतो, तो सरळ बंद करून टाका. आमच्या बेसिनचा गेली दीड वर्षं बंद आहे. हिवाळ्यात नवरा कुरकुरतो.

पाणी तापवायचा हीटर रॉड घरात असेल तर मूल मोठं होईपर्यंत तो माळ्यावर. जमिनीवर ठेवलेली बादली, तिच्यात वीज आणि बाहेर लोंबणारी वायर हे त्रिकूट कुठल्याही सूचनेने सुरक्षित होत नाही. बाथरूमच्या लाइनवर ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी बसवलेला असावा. करंट गळायला लागला की तो क्षणार्धात पुरवठा तोडतो. साधा एमसीबी ते काम करत नाही, इलेक्ट्रिशियनला नाव घेऊनच विचारा. गॅस गिझर असेल तर तो बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत लावलेला हवा. बंद जागेत त्याच्या ज्योतीतून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून जास्त पटींनी घट्ट चिकटतो.

भाजलं तर नळाच्या साध्या गार पाण्याखाली पूर्ण २० मिनिटं धरा. घड्याळ लावून. घाबरल्यावर तीन मिनिटंही वीस वाटतात. कपडे चिकटले नसतील तर काढा. बर्फ नको, टूथपेस्ट नको, हळद नको, आणि जुन्या लोकांची निळी शाई तर अजिबात नको. मग स्वच्छ कापड सैलसर झाकून डॉक्टरकडे. मुलाच्या स्वतःच्या बोटांसकट तळहाताएवढा भाग म्हणजे त्याच्या अंगाचा साधारण एक टक्का. तेवढं किंवा जास्त भाजलं असेल, किंवा चेहरा, हात, शूची जागा असेल, तर घरी बघत बसायचं नाही.

निळं सरबत

एकदा बाथरूमच्या फरशीवर बसून बघा. खरोखर बसा, कोरडी असताना. मी बसले तेव्हा मला आमचं बाथरूम पहिल्यांदा दिसलं. कमोडच्या मागे, माझ्या डोळ्यांच्या रेषेत, चोच असलेली एक बाटली होती, आत सुंदर निळं. तिच्याशेजारी लिंबाचं चित्र असलेली दुसरी. पलीकडे कोल्ड्रिंकच्या जुन्या बाटलीत दारावरच्या फिनेलवाल्याकडून घेतलेलं पांढरं फिनेल. आणि बेसिनच्या जाळीवर दोन डांबराच्या गोळ्या, अगदी पेपरमिंटसारख्या. उभ्या माणसाला ही साफसफाईची सामग्री दिसते. ९० सेंटिमीटरच्या माणसाला ते दुकान दिसतं.

टॉयलेट क्लीनरमध्ये बहुधा दहा टक्क्यांच्या आसपास हायड्रोक्लोरिक आम्ल असतं. एक घोट अन्ननलिका भाजायला पुरतो. सुटं अ‍ॅसिड, जे काही ठिकाणी फरशीचे डाग काढायला आणतात, त्याहून तीव्र. माझ्या मते मूल असलेल्या घरात सुटं अ‍ॅसिड असूच नये. फरशीवरचे डाग राहू देत. कोल्ड्रिंकच्या बाटलीत पिण्याशिवाय दुसरं काहीही कधीही भरायचं नाही, हा एक नियम पाळला तरी पुष्कळ अपघात टळतील. मुलाने बाटली ओळखली तर चूक त्याची नाही, त्याला आपणच त्या बाटलीतून गोड पाजलेलं असतं.

डांबराच्या गोळ्यांचं वेगळं. त्यांतलं नॅफ्थलीन पोटात गेलं तर तांबड्या रक्तपेशी फुटू शकतात. ज्यांच्यात जी-सिक्स-पीडी नावाचं एंझाइम जन्मतः कमी असतं त्या मुलांना हा धोका फार मोठा, आणि आपलं मूल त्यांतलं आहे का हे बहुतेक आईबापांना तपासणी केल्याशिवाय माहीत नसतं. गोळी गिळल्यानंतर एक-दोन दिवसांनी लघवी कोकमासारखी गडद होते, मूल पिवळट, फिकं दिसायला लागतं. तोवर गोळीची आठवणही उरलेली नसते. झुरळांसाठी दुसरं काहीतरी शोधा.

या सगळ्या बाटल्या वर, कुलपात. ‘उंच फळी’ मी मुद्दाम म्हणत नाही, कारण हात धुवायला आपणच त्याला स्टूल दिलंय आणि ते स्टूल ढकलत कुठेही नेता येतं. हेही बघा, की बाथरूम धुतल्यावर लगेच मूल आत जाणार नाही. अ‍ॅसिडवाला क्लीनर आणि ब्लीच एकत्र आले तर क्लोरीन वायू सुटतो. तो हवेपेक्षा जड, खाली साचतो, म्हणजे मुलाच्या नाकाच्या उंचीवर.

काही प्यायल्याचा संशय आला तर उलटी करवू नका. मीठपाणी, बोटं घालणं, काही नाही. जे जाताना भाजत गेलं ते येतानाही भाजतं. तोंड पुसा, चूळ भरायला लावा, डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही पाजू नका. बाटली बरोबर घेऊनच हॉस्पिटलला निघा. डोळ्यात उडालं तर निदान पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याने डोळा धुवा आणि मगच निघा. दिल्लीच्या एम्समध्ये राष्ट्रीय विषमाहिती केंद्र आहे, त्याचा टोल फ्री नंबर १८०० ११६ ११७. तो आमच्या फ्रिजवर गॅसवाल्याच्या नंबरच्या वर चिकटवलेला आहे.

कडी आणि टिकली

आमच्याकडे एकदाच तमाशा झाला. चिरंजीव तीन वर्षांचे. "मी मोठा झालो" म्हणून आत गेले आणि कडी लावली. लावता आली, काढता येईना. आतून रडणं, बाहेरून मी, शेजारच्या काकू आणि वॉचमन. तिघेही एकदम ओरडत होतो, "डावीकडे! अरे, डावीकडे सरकव!" ज्याला डावं-उजवं कळत नाही त्याला. काकूंनी सगळ्यांना गप्प केलं, दाराच्या फटीशी बसल्या आणि विचारलं, "बाळा, कडीचं शेपूट खाली आहे का वर?" शेपूट वर करायचं आणि खिडकीकडे ढकलायचं, हे त्याला समजलं. बारा मिनिटं लागली. मला वाटलेली वेगळी.

त्या दिवशी दुपारी सुताराला बोलावून कडी मोठ्या माणसाच्या छातीच्या उंचीवर नेली. तेवढ्यावर भागतं, स्टूल दाराजवळ नसेल तर. गोल मुठीचं कुलूप असेल तर बाहेरून नाण्याने उघडणारं घ्या. आणि एक जुगाड माझा, पदरचा: कडी ज्या बाजूला सरकवली की दार उघडतं त्या बाजूला दारावर मी लाल टिकली लावली. "टिकलीकडे ढकल" हे अडीच वर्षांच्या मुलालाही कळतं. पाहुण्यांकडे, गावी, लॉजवर जाताना टिकलीचं पाकीट पर्समध्ये असतंच.

बोटं दाराच्या बिजागरीच्या फटीत जास्त सापडतात, कडीच्या बाजूला कमी. दारावर वरून टॉवेल टाकून ठेवला की दार पूर्ण मिटत नाही आणि प्रश्न मिटतो.

घसरणं, बसणं

घसरण्याचं कारण नुसतं पाणी असतं तर पावसात अंगणही तितकंच घातक झालं असतं. बाथरूममध्ये पाण्याखाली साबणाचा आणि तेलाचा पातळ थर असतो. ज्या घरात बाळाला रोज तेल लावून आंघोळ घालतात तिथली फरशी बारा महिने अभ्यंगस्नान करत असते. आठवड्यातून एकदा गरम पाणी आणि खराटा मारला की थर जातो. रबरी मॅट घेतलीत तर रोज उचलून टांगा, नाहीतर तिच्या पोटाखाली शेवाळ धरतं आणि मॅटच स्लेजसारखी सरकते. बाबांच्या मोठ्या चपला घालून जायची मुलांना हौस, तिच्यामुळे पाय आणखी घसरतो. डोक्यावर पडल्यावर मूल वारंवार ओकलं, सुस्तावलं, झटका आला किंवा वेगळंच वागायला लागलं, तर तडक हॉस्पिटल.

कमोडवर छोटी सीट ठेवायची, हे बहुतेकांना माहीत असतं. पायाखाली पाट द्यायचा हे राहतं. पाय लोंबकळत असतील तर मुलाला जोर लावता येत नाही, ते दोन्ही हातांनी सीट धरून अंग आखडून बसतं, शी अर्धीच होते आणि पुढे बद्धकोष्ठ. गुडघे कमरेपेक्षा जरा वर आले पाहिजेत, उकिडवं बसल्यासारखे. भारतीय पद्धतीच्या संडासात ते आपोआप होतं, फक्त दोन पायट्यांतलं अंतर मुलाला झेपत नाही. सुरुवातीला समोर बसून त्याचे दोन्ही हात धरा.

मुलगे उभं राहून शू करायला लागले की आणखी एक गोष्ट घडते, तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. कमोडचं झाकण-सीट वर उभं केलेलं असतं, ते निसटून खाली आपटतं, आणि मुलाची शूची जागा नेमकी कडेच्या उंचीवर असते. बालरोगतज्ज्ञांना ही जखम परिचयाची आहे. हळू मिटणारी सीट घ्या, किंवा शू बसूनच करायला शिकवा. पुरुषत्वाला काही होत नाही.

धुणं, आणि कुणी धुवायचं

जेटचा फवारा मुलांच्या अंगाला फार जोराचा असतो. मगाने धुवा. मुलींना पुढून मागे धुवायचं आणि पुसायचं, मागून पुढे कधीच नाही. मुलींची मूत्रनलिका आखूड असते, शीमधले जंतू तिथवर पोचायला वेळ लागत नाही आणि वारंवार होणाऱ्या लघवीच्या संसर्गाला हे एक नेहमीचं कारण असतं. मुलग्यांची पुढची कातडी जबरदस्तीने मागे ओढू नका, ती आपल्या वेळेला मोकळी होते. हात साबणाने, वीस सेकंद. एक ते दहा दोनदा म्हणायला लावा, दुसऱ्या वेळी ‘सात’ नेहमी गाळला जातो, चालेल.

मला एक जास्त महत्त्वाचं वाटतं. ‘झाली’ म्हणून हाक मारल्यावर कुणी यायचं, याची यादी मुलाला तोंडपाठ हवी. आमची यादी चार जणांची: आई, बाबा, आजी, सांभाळणाऱ्या मावशी. पाचव्याने मदत करायची असेल तर यांच्यापैकी कुणीतरी सोबत. शूच्या जागेला धुण्यापुरताच हात लावायचा, त्याचं गुपित नसतं, कुणी ‘आईला सांगू नकोस’ म्हणालं तर आईला आधी सांगायचं. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरला शाळेच्या स्वच्छतागृहात चिमुरड्या मुलींवर झालेल्या अत्याचाराने सगळा महाराष्ट्र हादरला. त्यानंतर तरी बालवाडीत प्रवेश घेताना ‘फी किती’च्या आधी ‘मुलांना बाथरूमला कोण नेतं’ हे विचारायला लाजू नये. नेणारी बाई कोण, तिची गैरहजेरी असेल तेव्हा कोण, बाथरूम वर्गापासून किती लांब. नीट उत्तर न देता हसून विषय बदलणारी शाळा आम्ही सोडली. काही वावगं वाटलं तर मुलांसाठीची १०९८ हेल्पलाइन चोवीस तास चालते.

किती लांब उभं राहायचं

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. तीन वर्षांपर्यंत आत, हाताच्या अंतरावर. शीला वेळ लागतो, आपण कंटाळतो, फोन बाहेर ठेवूनच आत जावं. तीन ते साडेचारच्या आसपास दाराशी, दार उघडं, अधूनमधून बोलत. उत्तर आलं नाही तर लगेच आत डोकवायचं. पुढे पाच-सहापर्यंत ऐकू येईल एवढ्या अंतरावर, दार लोटलेलं, कडी नाही. ही वयं काही पंचांगातली नाहीत. काही मुलं साडेतीनलाच शहाणी असतात आणि काही सहाव्या वर्षीही बादलीत होड्या सोडायला जातात. पाणी भरलेलं असेल तर मात्र वय विचारायचं नाही, आपण आतच.

गावी किंवा कुणाच्या घरी गेलं की हे सगळं शून्यापासून. पोचल्या पोचल्या चहाच्या आधी मी त्यांचं बाथरूम बघून येते. बादली पालथी करते, निळी बाटली माळ्यावर, डांबरगोळी कागदात गुंडाळून बाहेर, टिकली दारावर. नणंद पहिल्यांदा रागावली होती. आता तिच्याकडे गेलं की बादली आधीच पालथी असते.

आमचा आता साडेचारचा आहे. परवा आत जाताना त्याने दार लोटून घेतलं आणि फटीतून डोकं काढून मला बजावलं, "तू बाहेर थांब. पण स्वयंपाकघरात जाऊ नकोस." मी भिंतीला टेकून बसले. आतून दोनदा एक ते दहा ऐकू आले. सात गाळला होता.